फोर्तालेझातल्या पुरुषांना नाचता येत नाही

२ मे, शुक्रवार. सकाळ.

कालपासून दर गुरुवारी रात्री क्लेओनीबरोबर बाहेर जायला सुरुवात केली. हे मौजेसाठी नाही, हे आधी लिहून ठेवते. क्लेओनी माझी मावसबहीण, तिच्याच खोलीत मी राहते. मावशीने फोनवर विचारलं होतं, ही पोरगी गुरुवारी रात्रभर असते तरी कुठे गं? आता स्वतः न बघता उत्तर द्यायचं म्हणजे खोटं बोलायचं. म्हणून गेले.

निघताना नियम ठरवले होते. एकच बियर. बाराच्या आत घरी. वाजवणाऱ्या मंडळींशी बोलायचं नाही.

बियरचा नियम पाळला असंच म्हणावं लागेल. गुरुवारी सगळं शहर फुतुरो बीचवर खेकडे फोडायला बसतं, आणि तिथे स्वतःची वेगळी बाटली कोणी मागवत नाही. टेबलाला एक मोठी बाटली येते, सगळ्यांच्या चिमुकल्या ग्लासांत थोडी थोडी जाते, मग दुसरी येते. माझा ग्लास सारखा कोणीतरी भरत होतं. पण माझी म्हणावी अशी एकही बाटली नव्हती. म्हणजे एकीपेक्षा कमीच झाली.

बाराचं असं झालं की, खेकडे संपवून 'निळा कंदील' या नाचाच्या हॉलवर पोहोचलो तेव्हाच बारा वाजून गेले होते. जो नियम पाळायची संधीच मिळाली नाही, तो मोडला असं कसं म्हणणार?

तिसरा नियम मात्र अक्षरशः पाळला. अकॉर्डियन वाजवणारा माझ्याकडे दोनदा बघत होता, तरी मी बोलले नाही.

६ मे, मंगळवार

चष्म्याच्या दुकानात आज एका बाईंनी विचारलं, ही फ्रेम मला कशी दिसते? मी म्हटलं, तुम्ही रागावल्यासारख्या दिसता. त्या गेल्या. मालक म्हणाले, जुरेमा, बेटा, तुला विचारलं होतं कशी दिसते, खरी कशी दिसते असं नव्हतं विचारलं. हा फरक मला पटत नाही. आईने असं शिकवलेलं नाही.

घरी येताना रस्ता चुकून 'निळा कंदील'वरून गेले. (तो उलट्या दिशेला आहे. बसही बदलावी लागली.) दारावर पोस्टर आहे. अकॉर्डियनवाल्याचं नाव एरिवाल्दो.

१२ जूनला प्रेमिकांचा दिवस. यंदा गुरुवारीच आला आहे. त्या रात्री एरिवाल्दोने माझ्याबरोबर एक गाणं नाचावं, एवढी माझी इच्छा आहे. एकच गाणं. इच्छा आहे म्हणून मी काही त्याच्या मागे लागणार नाही. फक्त दर गुरुवारी जाईन.

९ मे, शुक्रवार. डोकं दुखतंय. (खेकड्यांमुळे.)

काल पहिल्यांदा नाचले. एक गंभीर गोष्ट लक्षात आली. फोर्तालेझातल्या पुरुषांना फोहो, हा आपला जोडीचा नाच, नाचता येत नाही.

मला कळतं म्हणून बोलते. मी दहा वर्षांची होईपर्यंत आमच्या खेड्यात शाळा नव्हती, सगळं घरीच शिकले. आईने अक्षर शिकवलं, पाढे शिकवले आणि वागणं शिकवलं. वेळेआधी पोहोचावं, पानात टाकू नये, नाचायला कोणी हात पुढे केला तर त्याला नाही म्हणू नये. नाच बाबांनी शिकवला. आम्ही चार बहिणी, भाऊ नाही. मी सगळ्यांत उंच, म्हणून बाबांनी आधी मला तयार केलं, आणि मग मी एकेकीला घेऊन स्वयंपाकघरात नाचायचे. जूनच्या जत्रेत लोक खाणं सोडून आमच्याकडे बघत राहायचे. तेव्हा पाया पक्का आहे.

पहिला आला तो पिवळ्या शर्टातला. मी पुढे गेले की तोही पुढे. कपाळावर कपाळ आपटलं. मी त्याला गिरकी द्यायला गेले तर गाढव अडतं तसा अडला. गाणं संपल्यावर म्हणतो, ताई, आपल्यापैकी गाडी कोण चालवतंय ते आधी ठरवू या का? मी सांगितलं, मला सायकलसुद्धा येत नाही. दुसरा बँकेत आहे म्हणे. त्याने माझा हात आपल्या पाठीवरून काढून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. मी परत पाठीवर ठेवला. त्याने परत काढला. लाजाळू असावा. तिसरा अर्ध्या गाण्यात ओरडला, पायावर काहीतरी पडलं! पडला होता तो माझा पाय. पण माझा पाय जिथे पडायला हवा तिथेच पडला होता. त्याचा तिथे काय करत होता?

शहरात पोरांना घरी कोणी काही शिकवत नाही, त्याचा हा परिणाम.

एरिवाल्दो कालही बघत होता. वाजवता वाजवता मान वर करतो आणि थेट आमच्या टेबलाकडे.

११ मे, रविवार. मातृदिन.

आईला फोन केला. तिने विचारलं, जेवतेस का? चर्चला जातेस का? दोन्हीला हो म्हटलं, दोन्ही खरं आहे. नाचायला जातेस का, असं तिने विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. फोन लवकर ठेवला, कारण ती विचारेल असं वाटायला लागलं.

१६ मे, शुक्रवार

क्लेओनी म्हणाली होती, आज खेकडे नकोत, नऊला थेट 'निळा कंदील'. मी काल नऊच्या आधी पोहोचले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. मालक सेउ तिबुर्सियो बनियनवर फरशी धूत होते. मला बघून घाईघाईने शर्ट घातला आणि म्हणाले, मॅडम, किचन कालच साफ केलंय, हवं तर बघून घ्या. त्यांना मी आरोग्य खात्याची वाटले. नऊला या म्हणून सांगितल्यावर नऊला येणारं माणूस त्यांनी दुसरं पाहिलेलं नाही म्हणे.

क्लेओनीला फोन केला. म्हणाली, पोहोचतेच गं, कोपऱ्यावर आहे. मागे शॉवरचा आवाज येत होता. कोपऱ्यावर शॉवर नाही.

पण त्यामुळेच ते घडलं. एरिवाल्दो अकॉर्डियनची पेटी घेऊन आत आला, वायर ओढत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, पाय जरा वर घेता का?

'घेता का.' 'घे' नाही. मान देऊन बोलणारा माणूस आहे. शिवाय हॉलमध्ये इतकी मोकळी जागा असताना वायर माझ्याच खुर्चीखालून न्यायची काय गरज होती? (क्लेओनी म्हणते, प्लग तिथे आहे. प्लग काय, कुठेही असतात.)

नंतर तीन पुरुषांबरोबर नाचले. एक लंगडत गेला, एक पाणी पिऊन येतो म्हणाला तो अजून पाणीच पितोय. कंटाळून बसले होते तर बाजूला दोना नाइल्झा. सत्तरीच्या आहेत, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, दर गुरुवारी नटूनथटून येतात आणि बसून जातात. पुरुष कमी, बायका जास्त, मग त्यांना कोण उठवणार? मला दया आली. उठवलं. आणि काय सांगू! कमरेचं दुखणं असलेली बाई पिसासारखी फिरली. मी जरा हात दाबला की वळायच्या, सैल सोडला की परत यायच्या. म्हणाल्या, पोरी, माझे हे गेल्यापासून मला असं कोणी फिरवलं नव्हतं.

म्हणजे दोष माझा नाही, हे सिद्ध झालं. या शहरात बायकांना नाचता येतं, पुरुषांना येत नाही.

१८ मे, रविवार

क्लेओनी म्हणते, तो तुझ्याकडे बघत नाही, तुझ्या डोक्यावर घड्याळ आहे त्याकडे बघतो. गाणी वेळेत संपवायला लागतात त्याला. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी मी दुसऱ्या टेबलावर बसते, मग बघू.

२३ मे, शुक्रवार

दुसऱ्या टेबलावर बसले. तो जुन्याच टेबलाकडे बघत राहिला. बिचारा, मला शोधत होता.

आता महत्त्वाचं. काल माझ्यापुढे रांग लागली. दोना नाइल्झांनी मैत्रिणींना सांगितलं होतं. एक शिवणकाम करणारी, दोघी जुळ्या शिक्षिका, एक अशी जाडजूड बाई की मला वाटलं आता आपण पडणार. पण ती तर सगळ्यांत हलकी निघाली. मी एकामागून एक सगळ्यांना नाचवलं. आईची शिकवण, हात पुढे आला की नाही म्हणायचं नाही. हॉल टाळ्या वाजवत होता. एरिवाल्दोने एक गाणं दोनदा वाजवलं, आणि तेव्हा तो घड्याळाकडे बघत नव्हता. घड्याळ माझ्या डोक्यावर नव्हतं. मी हॉलच्या मधोमध होते.

त्या भरात सेउ तिबुर्सियोंकडे गेले आणि तक्रार केली. नम्रपणे. म्हटलं, तुमच्याकडे येणाऱ्या पुरुषांना मूलभूत पावलंसुद्धा येत नाहीत, दारावर काही चाचणी वगैरे घेता येईल का? ते इतके हसले की काउंटर धरून उभे राहिले. म्हणाले, पोरी, तू स्वतःच आमचा इथला सगळ्यात चांगला पुरुष आहेस.

मला अर्थ कळला नाही. घरी येताना क्लेओनीने सांगितला. म्हणाली, अगं बाई, तू पुरुषाची पावलं नाचतेस. पहिल्या दिवसापासून. बाईने उजवा मागे न्यायचा, तू डावा पाय पुढे टाकतेस, हात पाठीवर ठेवतेस, सगळ्यांना ढकलत नेतेस. मला वाटलं तुला माहीत आहे, आवड असेल एकेकाची.

मी म्हटलं, तुला मत्सर वाटतो. टॅक्सीवाला आरशातून म्हणाला, नाही ताई, माझा चुलतभाऊ पिवळा शर्ट घालून आला होता, तोही हेच सांगत होता.

२४ मे, शनिवार

बाबांना फोन केला. विचारलं, बाबा, तुम्ही मला कोणाची पावलं शिकवलीत? म्हणाले, पुरुषाची. तीन पोरींना नाचवायला घरात कोणीतरी हवं होतं ना, माझा गुडघा तर तेव्हाच गेलेला. मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? बाबा म्हणाले, सांगायचंच होतं गं. पण तू इतकं छान नाचवायचीस, म्हटलं कशाला मध्ये बोला.

मग आईने फोन घेतला. म्हणाली, कुठे नाचतेस तू? रेंज गेली. (खरंच गेली. मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले होते.)

विचार केला. माझं शिक्षण चुकलेलं नाही. पूर्ण झालेलं आहे, फक्त दुसऱ्या बाजूचं.

२५ मे, रविवार. दुपार.

क्लेओनी हल्ली ढोलवाल्याशी बोलते. (मावशीला कळवावं का? मावशीने कुठे जाते एवढंच विचारलं होतं. कोणाशी बोलते, असं नाही.) ढोलवाल्याने तिला सांगितलं की 'निळा कंदील'मध्ये दरवर्षी १२ जूनला, शेवटी, सेउ तिबुर्सियो स्पीकरवर गाणी लावतात, म्हणजे वाजवणाऱ्यांनाही खाली उतरून नाचता येतं. एरिवाल्दो आजवर कधी उतरला नाही. पण यंदा म्हणालाय, उतरणार. एका मुलीबरोबर नाचायचंय.

कोणाबरोबर ते ढोलवाल्याला माहीत नाही. मला माहीत आहे. पाय वर घेता का, हे तो दुसऱ्या कुणाला म्हणालेला नाही.

पण मग तो मला नाचवायला येणार, आणि मी त्याचं कपाळ फोडणार. म्हणून आज ठरवलं: १२ जूनपर्यंत पुरुषाची पावलं पूर्णपणे सोडायची. शपथ घेतली. यापुढे मी कोणालाही नाचवणार नाही. मला नाचवलं जाईल.

२८ मे, बुधवार

सराव कसा करावा? क्लेओनीला नाचवता येत नाही, ती म्हणते मी जन्मात कोणाला नेलेलं नाही, मला न्यायला लोक येतात. कपाटाशी करून पाहिलं. कपाट काहीच सुचवत नाही.

आज कामावरून सुटल्यावर समुद्रावर गेले. गुडघाभर पाण्यात डोळे मिटून उभी राहिले आणि ठरवलं, लाट जिकडे नेईल तिकडे जायचं. उत्तम पद्धत आहे. अंग सैल, मन शांत. चौथ्या लाटेने उजवी चप्पल नेली. पाचवीने मला नेलं. नारळपाणीवाल्याने हात धरून बाहेर काढलं आणि विचारलं, घरी काही भांडण झालंय का? मी म्हटलं, प्रॅक्टिस चालू आहे. त्याने नारळाचे पैसे घेतले नाहीत.

३० मे, शुक्रवार

काल सगळ्या रांगेला सांगितलं, मी सोडलं. जुळ्या शिक्षिका रडवेल्या झाल्या. जाडजूड बाई म्हणाल्या, असं कसं गं, तुझ्याबरोबर नाचायला नवीन सँडल घेतले होते मी. दोना नाइल्झा मला बाथरूमजवळच्या बोळात नेऊन म्हणाल्या, बरं, सोड तू. पण जायच्या आधी तो डावा पाय कसा टाकतेस तेवढा दाखव. आमचं आम्ही बघू.

दाखवला. त्यात शपथ मोडत नाही. शिकवणं म्हणजे नाचवणं नव्हे.

६ जून, शुक्रवार

फार मोठी प्रगती. काल चौघांबरोबर नाचले आणि एकाचंही काही दुखलं नाही.

पिवळा शर्ट पुन्हा आला. आधी लांबूनच म्हणाला, आज ब्रेक लागतात का? मी म्हटलं, बघा. संपूर्ण शरण गेले. त्याने ढकललं तर गेले, थांबला तर थांबले, विसरला तर तशीच उभी राहिले. त्याने विचारलं, बरं वाटत नाहीये का? बँकवाला म्हणाला, गेल्या वेळी मी ट्रकबरोबर नाचत होतो, आज तांदळाच्या पोत्याबरोबर. मी धन्यवाद म्हटलं. पोतं कधी कोणाच्या पायावर पाय देत नाही.

मधेच दोना नाइल्झा जाडजूड बाईंना घेऊन माझ्या बाजूने झरझर गेल्या. डावा पाय पुढे. मी बघितलं नाही. बघितलं की पाय शिवशिवतात.

एरिवाल्दो काल अस्वस्थ वाटला. वाजवताना सारखा हॉलभर नजर फिरवत होता, कोणी हरवल्यासारखी. मी समोरच तर होते.

८ जून, रविवार

क्लेओनीने संत अँथनीची मूर्ती आणली आणि डोकं खाली, पाय वर करून राजम्याच्या बरणीत खोचून ठेवली. मुलींना जोडीदार मिळवून देणं हे त्याचं काम, आणि देत नाही तोवर त्याला असंच ठेवतात, हे मलाही माहीत आहे. पण देवमाणसाला धमकी देणं मनाला पटेना. तो काय ओलीस आहे का? क्लेओनी म्हणाली, माझ्या आईने बर्फात ठेवला होता, महिन्यात लग्न.

रात्रभर झोप लागली नाही. उठून त्याला बाहेर काढला, पुसला, माफी मागितली. मग वाटलं, अगदीच सरळ ठेवला तर विसरून जाईल. आडवा ठेवला. झोपलाय असं कोणालाही वाटेल.

१० जून, मंगळवार

दुकानात आज मालकांनी ट्रे दिला आणि सोडला नाही, मीही ओढला नाही. दोघं तसेच उभे. म्हणाले, जुरेमा, घे ना! म्हणजे अंगात मुरलं आहे आता. आपोआप होतं.

मी तयार आहे.

१३ जून, शुक्रवार. सकाळ. झोपले नाही.

क्रमाने लिहिते.

बीचवर सगळी जोडपी. खेकड्यांच्या टेबलांवर कागदी हृदयं, लोक एका हातात हात धरून दुसऱ्या हाताने लाकडी हातोडी चालवत होते. मी बियर घेतली नाही. म्हणजे माझी घेतली नाही.

'निळा कंदील' भरून वाहत होता. हिरवा ड्रेस, क्लेओनीची कानातली. शेवटी गाणी थांबली, एरिवाल्दोने अकॉर्डियन खांद्यावरून उतरवलं, पेटीत ठेवलं, हात पँटला पुसले. सेउ तिबुर्सियोंनी स्पीकर लावला. तो पायऱ्या उतरला. हॉलभर बघितलं. आणि माझ्याकडे आला.

हे मी पुन्हा लिहिते. माझ्याकडे आला.

हात पुढे केला. आम्ही मधोमध गेलो. त्याने हात माझ्या पाठीवर ठेवला, जिथे ठेवतात तिथेच. मी त्याच्या खांद्यावर. अंग सैल, मन शांत. लाटेसारखी वाट बघत होते.

लाट आली नाही.

गाणं सुरू होऊन बराच वेळ झाला. बाजूने सगळे फिरत होते. आम्ही दोघं खांबासारखे. कोणीतरी म्हणालं, बघा, प्रेम असावं तर असं. मग तो हळूच म्हणाला, चला. मी म्हटलं, चला. तो थांबला. मीही थांबले. तो म्हणाला, तुम्ही आधी. मी म्हटलं, छे, तुम्हीच.

तेव्हा त्याने सांगितलं. लाजला होता, कान लाल. म्हणाला, मला नाचता येत नाही. सात वर्षांचा असल्यापासून वाजवतोय, जिथे नाच तिथे मी खुर्चीत. वाजवणाऱ्याला नाचायला कोण सोडतं? पण गेल्या महिन्यात वरून बघत होतो, इथे एक मुलगी यायची, ती कोणालाही नाचवायची. कमरेतून मोडलेल्या म्हातारीलासुद्धा. मला वाटलं, ही असेल तर लाकडालाही नाचवेल. तिच्यासाठीच उतरलो. वरून दिव्यांमुळे चेहरे नीट दिसत नाहीत. तुम्हीच ना ती?

मला काय वाटलं ते लिहीत नाही. काय म्हटलं ते लिहिते.

म्हटलं, नाही.

कारण विचार केला तर तेच खरं होतं. २५ मेपासून मी कोणालाही नाचवलेलं नाही. शपथ आहे. ती मी आता नाही, आणि जे आपण नाही ते हो म्हणायचं म्हणजे निव्वळ खोटं. पुढचं समजावून सांगणार होते, पण गाणं संपलं. तो म्हणाला, माफ करा हं, तुमचं गाणं वाया घालवलं. मग थांबून म्हणाला, तुम्हालाही येत नाही हे बघून जरा बरं वाटलं मात्र. आणि वाकून नमस्कार करून गेला.

मी तिथेच उभी. दोना नाइल्झा आल्या, हात पुढे केला. हात पुढे आला की नाही म्हणायचं नाही. त्यांनी डावा पाय टाकला आणि मला घेऊन गेल्या. मी इतकी सुंदर कधीच नाचले नव्हते. पावलाला पाऊल, गिरकीला गिरकी. हॉलने टाळ्या वाजवल्या. दोना नाइल्झा कानात म्हणाल्या, रडतेस कशाला पोरी, बघ ना, शिकलीस की.

१५ जून, रविवार

वाजवणारी मंडळी परवा जत्रांसाठी आतल्या गावांकडे गेली. महिनाअखेरीस परततील. आज सकाळी ढोलवाल्याचा क्लेओनीला फोन आला. निघण्याआधी एरिवाल्दोने सेउ तिबुर्सियोंना विचारलं म्हणे, ती सगळ्यांना नाचवणारी मुलगी कोण होती हो? ते म्हणाले, अरे, तीच ती, जिच्याबरोबर तू उतरलास, चष्म्याच्या दुकानातली जुरेमा. एरिवाल्दो म्हणाला, छे, काहीतरीच! तिलाच तर विचारलं मी. ती स्वतः नाही म्हणाली, आणि ती काही खोटं बोलणाऱ्यांतली वाटत नाही.

क्लेओनी हसून हसून झोपाळ्यातून पडली. मी तिला म्हटलं, माझ्या खरेपणाबद्दल इतकं चांगलं अजून कोणी बोललेलं नाही. त्यावर ती पुन्हा हसली.

पण मूळ मुद्दा बघितला तर मी पहिल्यापासून बरोबर होते. त्याला माझ्याबरोबरच नाचायचं होतं. तो महिनाअखेरीला परत येतो आहे. शपथ १२ जूनपर्यंतची होती, असं धरता येईल. बाबांचे धडे काही विसरायला होत नाहीत, ते अंगातच असतात. फक्त हात फिरवून घ्यायचा.

दुपारी क्लेओनीला स्वयंपाकघरात उभं केलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. रेडिओ लावला. डावा पाय पुढे टाकायला गेले.

उजवा मागे गेला.

पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. क्लेओनी म्हणाली, अगं, चल ना. मी म्हटलं, थांब, येतोय. पुन्हा उजवाच, पुन्हा मागे.